बजीच्या पिल्लांची पिसं का गळतात?

गेल्या दोन महिन्यांत वेगवेगळ्या गावांतल्या तीन गटांच्या बैठकीत मला एकच प्रश्न आला. एकीनं विचारलं, "ताई, पिल्लू मडक्यातून बाहेर आलं अन् चार दिवसांत त्याची शेपटीच गळून पडली, असं कसं?" दुसरी म्हणाली, "माह्या घरचं पाखरू उडूनच नाही रायलं वो, नुसतं खाली पळते." तिसरीनं तर गळालेली पिसं कागदाच्या पुडीत बांधून आणली होती. म्हणून आजचा आपला वेळ बजीच्या पिल्लांसाठी.

ज्यांच्या घरी बजी नाहीत, कोंबड्या आहेत, त्यांनीही रेडिओ बंद करू नका. पिसांच्या बाबतीतल्या निम्म्या गोष्टी कोंबडीच्या पिल्लालाही लागू आहेत.

आधी नावाचा घोळ मिटवते. अकोल्या-अमरावतीच्या बाजारात ज्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात, तो बहुतेक वेळा बजी असतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, अंगानं भरलेला, जाड चोचीचा आणि आखूड शेपटीचा. बजी म्हणजे ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट. लांब शेपटी, मानेवर आणि पाठीवर काळ्या रेघा. जॉन गूल्ड नावाच्या पक्षी-अभ्यासकानं 1840 मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले. आज घराघरांत दिसणारे बजी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. म्हणून बजी पाळता येतो. आपला हिरवा रानपोपट मात्र पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग तो तुम्ही कितीही लाडानं सांभाळा. हे सांगते, कारण दर बैठकीत कोणी ना कोणी विचारतंच.

आता मुद्द्यावर. पिसं बिघडली हे ओळखायचं तर चांगली पिसं कधी आणि कशी येतात ते माहीत पाहिजे.

बजीची मादी एक दिवसाआड एक अंडं घालते. साधारण अठरा दिवसांनी पिल्लू निघतं. अंडी एकाआड एक दिवसांनी घातलेली, म्हणून एकाच मडक्यात एक पिल्लू मोठं आणि एक अगदीच लहान दिसतं. त्यात घाबरायचं काही नाही. पिल्लू गुलाबी, उघडं, डोळे मिटलेलं असतं. दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात. मग अंगावर राखाडी लव येते आणि पंखांवर, शेपटीवर बारीक बारीक नळ्या दिसू लागतात. या नळीतच पीस गुंडाळलेलं असतं आणि वाढत असताना तिच्यात रक्त असतं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. टोकाकडून नळी फुटत जाते आणि पीस उलगडतं. चार-पाच आठवड्यांत पिल्लू पिसांनी भरतं आणि मडक्याबाहेर येतं. तेव्हा कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात. तीन-चार महिन्यांचं झालं की पहिल्यांदा जुनी पिसं झडून नवी येतात आणि कपाळ साफ होतं, पिवळं किंवा पांढरं.

ही पहिली झड सगळ्या निरोगी पिल्लांना होते. तिची खूण एकच: पिसं थोडी थोडी पडतात आणि पाखरू त्या काळातही उडतं. पिंजऱ्याच्या तळाशी पिसं दिसली म्हणून औषधाच्या दुकानाकडे पळू नका. आधी पाखरू उडतं का ते बघा.

आता बिघाडाकडे येऊ. पाखरू हलक्या हातानं धरा, छाती दाबू नका. त्याचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो, छाती दाबली तर ते हातातच जाईल. एक पंख उघडा. बजीच्या एका पंखाला टोकाकडची दहा लांब पिसं असतात आणि शेपटीला बारा. मोजा. मग दुसरा पंख उघडा आणि तोही मोजा. पाठ आणि मान बघा. गळालेलं पीस असेल तर त्याचं बूड उजेडात धरून बघा. एवढं पाच मिनिटांचं काम केलं तर अर्धं निदान घरीच होतं.

पाठ आणि मान उघडी पडली आहे, पंख आणि शेपटी मात्र जागच्या जागी आहेत, असं असेल तर संशय आईवर घ्या. हो, आईवरच. मादीला पुढची अंडी घालायची घाई झाली की ती पिल्लांना मडक्याबाहेर काढायला त्यांची पिसं उपटते. कधी रक्तही काढते. अशा वेळी पिल्लं खात असतील तर बापासोबत वेगळी करा. नर भरवत राहतो. फार लहान असतील तर मादीसाठी दुसरं मडकं टांगा, म्हणजे ती तिकडे जाते. उपटलेली पिसं काही आठवड्यांत परत येतात. औषध लागत नाही.

पाखरू रात्रभर चुळबुळ करतं, दिवसा सुस्त राहतं, मडक्यातली पिल्लं फिकट पडतात, तर किड्यांचा विचार करा. हे तेच बारीक लाल किडे, जे कोंबड्यांच्या खुराड्यात असतात. दिवसा ते मडक्याच्या भेगेत, पिंजऱ्याच्या सांध्यात लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. रात्री पिंजऱ्यावर पांढरा सुती कपडा टाका आणि पहाटे अंधारातच बॅटरी घेऊन तो कपडा बघा. चिरडल्यावर लाल डाग पडणारे ठिपके दिसले तर किडे आहेत. पाखरं दुसऱ्या पिंजऱ्यात हलवा, रिकाम्या पिंजऱ्याच्या सांध्यांवर उकळतं पाणी ओता, कडक उन्हात टाका. मडकं धुवून पुन्हा वापरू नका, फोडून टाका. कुंभाराचं मडकं पाखरापेक्षा स्वस्त आहे.

दुसरा एक किडा चोचीच्या वरच्या मऊ भागावर आणि पायावर बसतो. तिथं मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकाची पांढुरकी खपली येते. ही खपली दिसली तर पशुवैद्यकाकडे जा. औषधाचा एखादा थेंब पुरतो, पण तो किती द्यायचा हे वजनावर ठरतं. बजीचं वजन तीस ते चाळीस ग्रॅम, म्हणजे आपल्या एका लिंबाएवढं. गाईसाठी आणलेल्या बाटलीतलं औषध अंदाजानं दिलं तर तो जीव राहत नाही.

इथंच थांबून एक गोष्ट जोर देऊन सांगते. कपाशीवर मारायचं औषध किड्यांसाठी पाखरांवर फवारू नका. पिंजऱ्यावर नको आणि खुराड्यातही नको. हे मी उगाच बोलत नाही. "थोडंसं पाण्यात टाकून मारलं तर काय होते?" असा प्रश्न मला विचारलेला आहे. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं पाखरांना फारच विषारी आहेत. आणि 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर कसे दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तो डबा घरात, चुलीजवळ, लेकरांच्या हाताशी आणायचाच नाही.

तिसरं कारण खाण्याचं. आपल्याकडे बहुतेक घरी बाजरी आणि दुकानात कांगणी म्हणून मिळतो तो राळा, एवढ्यावरच बजी पोसतात. मोठं पाखरू त्यावर दिवस काढतं. पण पीस जवळजवळ सगळं प्रथिनाचंच बनलेलं असतं. एकाच वेळी पाच पिल्लांच्या अंगावर पिसं चढवायची आणि आईबापांनी नुसती बाजरी गळ्यातून काढून भरवायची, तर माल कमी पडणारच. मग पिसं उशिरा येतात, तुटकी, निस्तेज येतात, पिसावर आडव्या रेघा दिसतात. नुसत्या दाण्यांत जीवनसत्त्व अ, कॅल्शियम आणि आयोडीनही पुरत नाही. उपाय घरातलाच आहे. पिल्लं असताना रोज थोडं उकडलेलं अंडं कुस्करून, मोड आलेले मूग, कोथिंबीर, पालक, शेवग्याचा पाला द्या. समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवा. अंडं उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, नासतं. पावसाळ्यात दाण्याला कुबट वास आला, बुरशी दिसली, तर तो दाणा कोंबड्यांनाही टाकू नका, फेकून द्या. आणि आपल्या खारपाणपट्ट्यातल्या बायांना वेगळं सांगते: बोअरचं खारं पाणी पाखरांना देऊ नका. आपण जे पाणी पितो तेच त्यांना.

एकामागून एक अंडी घेत राहणं हाही खाण्याचाच प्रश्न आहे. मादीला वर्षभर मडकं लावून ठेवलं तर तिचं अंग पोखरतं आणि पिल्लं कमजोर निघतात. दोनदा पिल्लं झाली की मडकं काढा आणि तीन-चार महिने विश्रांती द्या. अकोल्याच्या एप्रिल-मे महिन्यात तर मडकं लावूच नका. पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा मातीच्या मडक्यात पाच पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली असतात. त्यांची काय गत होत असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

एक दुर्मीळ प्रकार आहे, दिसला तर ओळखा म्हणून सांगते. पिल्लाची पिसं वाढायची थांबतच नाहीत. लांब, कुरळी, मऊ पिसं सगळ्या अंगभर, डोळ्यांवरसुद्धा येतात. शेवंतीच्या फुलासारखं दिसतं ते पाखरू. लोक कौतुकानं बघायला येतात, मोबाइलवर फोटो काढतात. पण ते उडत नाही, त्याला नीट दिसत नाही, खाऊन खाऊनही अंग धरत नाही आणि बहुतेक वेळा वर्षाच्या आत जातं. हा जन्मजात दोष आहे, रक्तातून आलेला. औषध नाही. जगेल तोवर दाणापाणी त्याच्या चोचीजवळ ठेवा, आणि ज्या जोडीचं ते पिल्लू आहे ती जोडी पुन्हा लावू नका.

आता जे सगळ्यात जास्त दिसतं आणि ज्यासाठी हा कार्यक्रम घेतला, त्याकडे येते.

पिल्लू पाच आठवड्यांचं, छान भरलेलं. मडक्यातून बाहेर येतं, किंवा येण्याच्या बेतात असतं, आणि पंखांची लांब पिसं व शेपटीची पिसं गळतात किंवा अर्ध्यात मोडतात. दोन्ही पंखांची सारखीच. पाठ, मान, पोट बहुतेक ठीक. पिल्लू खातं, ओरडतं, खेळतं, पण उडत नाही. पिंजऱ्याच्या तळाशी उंदरासारखं पळतं. गळालेल्या पिसाचं बूड उजेडात धरलं तर आत वाळलेल्या रक्ताचा काळपट डाग दिसतो. याला 'फ्रेंच मोल्ट' म्हणतात. मराठीत याला नाव नाही. बजी पाळणारे लोक अशा पिल्लाला 'रनर' म्हणतात, म्हणजे पळणारं.

बरीच वर्षं लोक खाण्याला, किड्यांना, हवेला दोष देत राहिले. पुढे कळलं की यामागे विषाणू आहेत. एकाचं नाव पॉलिओमा, दुसऱ्याचं सर्को. पॉलिओमा जोरात आला तर पिल्लं पिसं गळण्यापर्यंत पोचतच नाहीत. दोन-तीन आठवड्यांची असतानाच मडक्यात मरतात. पोट फुगलेलं, कातडी लालसर, मान थरथरते, लव आलेलीच नसते. जी वाचतात त्यांची पिसं बिघडतात. सर्को हळू काम करतो. दर झडीला पिसं आणखी वाईट येतात आणि पाखराची रोगाशी लढायची ताकद कमी होते. नुसतं डोळ्यांनी बघून हा की तो, हे कोणी सांगू शकत नाही. कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून औषध घेऊ नका.

मोठी पाखरं वरून ठणठणीत दिसतात आणि विषाणू घेऊन फिरतात. त्यांच्या विष्ठेतून, पिसांच्या धुळीतून, भरवताना गळ्यातून तो पिल्लांपर्यंत जातो. म्हणून बाया म्हणतात, "आई-बाप तर चांगले आहेत ना ताई." आई-बाप चांगले दिसतात, एवढंच आपल्याला ठाऊक असतं.

यावर औषध नाही. प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. पशुसखीकडे कोंबड्यांसाठीची पुडी असेल तर ती मागू नका आणि तिला अडचणीत टाकू नका. खोबरेल तेल, हळद-तेल पिसांना चोळू नका. तेलानं पिसं चिकटतात आणि पाखराच्या अंगाची ऊब जाते. रक्ताची नळी मोडून रक्त येत असेल तर स्वच्छ कापसावर मक्याचं बारीक पीठ घेऊन दोन-चार मिनिटं दाबून धरा. थांबलं नाही तर डॉक्टर. उरलेल्या नळ्या "एकदाच उपटून टाकू, नवीन येतील" म्हणून उपटायच्या नाहीत.

पण औषध नाही म्हणजे पाखरू गेलंच, असंही नाही. बसायची काडी खाली, दोन-तीन बोटांच्या उंचीवर लावा. दाणापाणी तळाशी ठेवा. अंडं, पाला चालू ठेवा. बरीच पिल्लं पुढच्या झडीला नवी पिसं घेऊन उडायला लागतात. काहींना एखादं-दुसरं पीस कायमचं कमी राहतं. काही कधीच उडत नाहीत, तरी वर्षानुवर्षं जगतात. पुढच्या झडीला पिसं सुधारली तर दुखणं हलकं होतं असं समजा. आणखी वाईट आली तर डॉक्टरांशी बोला.

आता खरी अडचण. आमच्या एका गटातल्या ताईच्या घरी हेच झालं. दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधल्या पट्ट्यातलं गाव. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलं. गटातून अंतर्गत कर्ज घेऊन तिनं जोड्या घेतल्या होत्या. दोन खेपा चांगल्या गेल्या. मग एका व्यापाऱ्यानं, बाजारात न विकलेल्या दोन जोड्या "तुमच्याकडेच ठेवा, पिल्लं झाली की हिशोब करू" म्हणून तिच्या पिंजऱ्यात सोडल्या. पुढच्या खेपेला निम्मी पिल्लं तळाशी पळायला लागली.

व्यापारी आला. पिल्लं बघून म्हणाला, "यात काय झालं? उडत नाही हे तर चांगलंच. माणसाळलेलं म्हणून हातावर बसतं. लेकरांना असंच पाहिजे. भाव जास्त येईल."

तिचा हप्ता तोंडावर होता. तिनं बैठकीत विषय काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "विकू की नको?" मला वाटलं होतं, बाया लगेच नको म्हणतील. तसं झालं नाही. अर्धा तास वाद झाला. एक म्हणाली, घेणाऱ्यानं बघून घ्यावं. दुसरी म्हणाली, मागच्या साली आपण त्याच बाजारातून कोंबडीची पिल्लं आणली आणि आठवड्यात मेली, तेव्हा आपण काय म्हणालो होतो ते आठवा. हे ऐकल्यावर आवाज खाली आले. ती पिल्लं दुसऱ्या कोणाच्या पिंजऱ्यात गेली असती तर विषाणूही तिथं गेला असता, आणि ती दुसरी कोणी आपल्यासारखीच कर्ज काढलेली बाई असू शकते.

गटानं ठरवलं: पिल्लं विकायची नाहीत, मडकी सगळी काढायची आणि सहा महिने ती लावायची नाहीत. तोवर तिनं फक्त व्याज भरायचं, मुद्दल पुढे. हे ठरावात लिहिलं, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. मी हे मुद्दाम सांगते. एकट्या बाईला "विकू नको" म्हणणं सोपं आहे. तिचा हप्ता कोण थांबवणार, हे त्याच बैठकीत बोललं पाहिजे.

सहा महिने का? विषाणूला चालत राहायला नवी नवी पिल्लं लागतात. पिल्लंच नसली की साखळी तुटायची शक्यता वाढते. त्या काळात सफाई करायची. ती अशी. पाखरं दुसऱ्या खोलीत न्या. मडकी, लाकडी काड्या, जुना भुस्सा जाळा किंवा पुरून टाका. पिंजरा आधी साबणाच्या पाण्यानं घासून धुवा, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. मग कोरोनाच्या वेळी आपण वापरलं ते हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग आणि पाणी दहा भाग असं करून पिंजऱ्याला सगळीकडे लावा. दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. मग साध्या पाण्यानं धुवा आणि उन्हात दिवसभर वाळवा. हे पाखरांजवळ करू नका, त्या वासानं पाखरं मरतात. आणि हायपोत फिनाइल किंवा ॲसिड मिसळू नका, तो वास माणसालाही सोसत नाही.

नवं पाखरू आणलं की दीड महिना वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यात. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, आणि हात धुवून. व्यापाऱ्याची न विकलेली पाखरं ठेवून घ्यायची नाहीत, कितीही ओळखीचा असला तरी. 2018 च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राणी-पक्षी विकणाऱ्या दुकानाला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आपण माल देतो त्या दुकानदाराची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. 'रनर' पिल्लं बरी झाली, उडू लागली, तरी त्यांची जोडी लावायची नाही.

तपासणीबद्दल. पिसावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून विषाणू ओळखणारी तपासणी असते. पण ती एका पाखराच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते. सगळ्या पाखरांची करत बसू नका. एक-दोन आजारी पिल्लांची केली की घरात काय आहे ते कळतं. पिल्लू मेलं तर फेकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, बर्फाच्या डब्यात ठेवा, पण गोठू देऊ नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. जाण्याआधी फोन करून पाखरं बघणारे डॉक्टर कधी भेटतात ते विचारा. नेताना आजारी पिल्लाचा, पंख उघडून काढलेला फोटो, गळालेलं पीस आणि एक चिठ्ठी न्या. कोणती जोडी, पिल्लू कोणत्या तारखेला निघालं, पिसं कधी गळाली, काय खायला घालता, नवं पाखरू शेवटी कधी आणलं, एवढं चिठ्ठीत लिहा. गटाची वही लिहिणाऱ्या बायांना हे जड नाही.

आता आपल्या अंगाचं. बजीचे हे दोन विषाणू माणसाला होत नाहीत. लेकरांनी हात लावला म्हणून घाबरू नका. पण पोपटाच्या जातीच्या पाखरांपासून माणसाला येणारा एक वेगळा ताप आहे, सिटॅकोसिस. पाखराची वाळलेली विष्ठा, धूळ श्वासातून गेली की तो होऊ शकतो. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. डॉक्टरांना आपण आपणहून सांगायचं, "माझ्या घरी बजी आहेत." त्यांच्या ते लक्षात येईलच असं नाही, पण कळलं तर औषध आहे. पिंजरा कोरडा झाडू नका. आधी पाणी शिंपडा, तोंडाला ओढणी किंवा पदर बांधा. पिंजरा झोपायच्या खोलीत आणि चुलीजवळ ठेवू नका. गरोदर बाईनं पिंजरा साफ करू नये, ते काम घरातल्या दुसऱ्यानं करावं. घरात बाप्ये माणसं आहेतच. पिसांच्या धुळीनं सतत खोकला येत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर पाखरं अंगणात हलवा आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

गटांना शेवटचं विचारायचं राहिलं. बजीसाठी कर्ज द्यावं का? माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी दोन जोड्यांपेक्षा जास्त नको, आणि कर्जातून तर नकोच. कोंबडीचं अंडं घरात खाल्लं जातं, बाजारात रोज जातं. बजीला गिऱ्हाईक लागतं आणि ते व्यापाऱ्याच्या हातात असतं. ज्यांना आवड आहे, घरात सावलीची जागा आहे, त्यांनी जरूर पाळावं. पण बैठकीत प्रस्ताव येईल तेव्हा मडकी बंद ठेवायचे महिने हिशोबात धरा. उन्हाळ्याचे तीन आणि विश्रांतीचे तीन-चार, एवढे तरी दरवर्षी जातात. दिवाळीनंतर मडकी लावली तर फार तर दोन खेपा हातात येतात. त्या दोन खेपांवर हप्ता बसतो का, ते कागदावर मांडून बघा.

त्या ताईकडे मी मागच्या आठवड्यात गेले होते. मडकी अजून बंद आहेत. तळाशी पळणाऱ्या पिल्लांपैकी बरीच आता वरच्या काडीवर बसतात. दोघं अजून खालीच आहेत. त्यांच्यासाठी तिनं तुरीच्या काडीची शिडी बांधली आहे, ते तिच्यावरून चालत वर जातात. पुढच्या बुधवारी याच वेळेला आपल्याकडे पशुवैद्यक येणार आहेत. प्रश्न चिठ्ठीवर लिहून गावातल्या सीआरपी ताईकडे सोमवारपर्यंत द्या, आणि पाखराचं वय लिहायला विसरू नका.